सहाचं बटण

मित्रांनो, मी एक जुनी आणि कडक स्वभावाची पट्टी आहे. लिफ्टमध्ये शिरलं की दाराशेजारी बटणांची पोलादी पट्टी असते ना, तीच मी. माझ्या अंगावर तळमजल्यापासून सहाव्या मजल्यापर्यंतची बटणं आहेत. त्यांच्याखाली दार उघडायचं एक, लावायचं एक आणि अगदी तळाशी लाल घंटा. तुम्ही रोज आमच्यापैकी कुणाला तरी बोटाने टोचता आणि लगेच आरशात केस बघायला वळता. पट्टीकडे कोण बघतो! माझी त्याबद्दल तक्रार नाही. आज मात्र जरा माझं ऐका. मला माझ्याबद्दल थोडं आणि एका अंगठ्याबद्दल बरंच काही सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाचा पत्रा कापला, त्याला गोल भोकं पाडली, कडा घासून गुळगुळीत केल्या. मग एका बाईंनी माझ्या प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग बसवली आणि प्रत्येक बटण अंगठ्याने दाबून पाहिलं. शेवटचं बटण दाबताना त्या पुटपुटल्या, "कडक आहे बाई!" ते माझं पहिलं कौतुक.

मी कडक असणारच. मुळात मी माणसांच्या लिफ्टसाठी नव्हतेच. मला मालाच्या लिफ्टसाठी बनवलं होतं. तिथले कामगार जाड हातमोजे घालतात, पोती ढकलतात, खोकी आपटतात. जरा कोपर लागलं आणि निघाली वर, असं मालाच्या लिफ्टला करून चालत नाही. म्हणून माझा नियम पक्का आहे. बटण तळापर्यंत दाबलं तरच त्यातला दिवा लागतो, आणि दिवा लागला तरच लिफ्ट हलते. अर्धवट दाबलेलं मला चालत नाही.

पण गाडीत माल भरणाऱ्याने दोन खोक्यांची अदलाबदल केली. माझ्यासोबत बनलेली मऊ बटणांची पट्टी गेली कारखान्यात आणि मी आले या राहत्या इमारतीत. हातमोज्यांच्या गुद्द्यांखाली तिचं काय झालं असेल, याचा विचारच करवत नाही. मला बसवायला आलेल्या मेकॅनिकने माझी बटणं दाबून पाहिली आणि डोकं खाजवलं. पण इमारतीतली माणसं जिने चढून चढून कावली होती, ती त्याच्या डोक्यावरच बसली होती. त्याने चार स्क्रू पिळले आणि सुटला एकदाचा.

सुरुवातीला माझा थाट विचारू नका. झाडणाऱ्या मावशी रोज सकाळी मला कोरड्या फडक्याने पुसायच्या. माझ्यात तोंड दिसायचं. मग नव्याची नवलाई संपली. कुणी छत्रीच्या टोकाने टोचलं, कुणी किल्लीने. चारच्या कडेला कुणी च्युइंगम चिकटवून ठेवला, तो दगड होऊन बसला. दोनचा आकडा पुसून गेला. "काय मेली कडक बटणं!" हे तर मी इतक्यांदा ऐकलं की तेच आपलं नाव असावं असं वाटायला लागलं. मी मात्र कुणासाठी सैल पडले नाही.

अगदी खरं सांगायचं तर थोडी पडले. वापराने सगळंच झिजतं, तशा माझ्या स्प्रिंगाही झिजल्या, पण सारख्या नाही. तळमजल्याचं बटण सगळेच दाबायचे, ते चांगलंच मऊ झालं. पहिल्यावर शिकवणीचे वर्ग, दिवसभर पोरांची ये-जा, म्हणून एक त्याच्या खालोखाल मऊ. तिथून जसजसं वर जावं तसतशी माणसं कमी आणि बटणं ताठ. पाचव्यावर एकच कुटुंब राहतं. सहाव्यावर तर नुसत्या पाण्याच्या टाक्या. तिथे कधीमधी पंपवाला जायचा, तोही दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून बटण दाबायचा. सहाचं बटण अजून जसंच्या तसं आहे, कारखान्यातल्या बाईंनी दाबून पाहिलं होतं तसं.

आता अंगठ्याचं सांगते. तिसऱ्या मजल्यावर एक सिस्टर राहते. लहान मुलांच्या दवाखान्यात ती लस टोचायची, म्हणून सगळी इमारत तिला सिस्टरच म्हणते. बाकी सगळे मला बोटाने दाबायचे, ती अंगठ्याने दाबायची. धक्का नाही, घाई नाही. अंगठा टेकवायची आणि एकसारखा दाबत न्यायची. इतक्या वर्षांत मला नीट दाबणारी तेवढी एकच. सोबत असायची तिची नणंद. सिस्टरचा नवरा गेल्यापासून नणंद-भावजय एकाच घरात राहतात. नणंद धाकटी, पण तोंडाने थोरली. तिची बडबड लिफ्टच्या आधी खाली पोहोचते.

एके सकाळी सिस्टर खाली गेली ती दोघांच्या आधाराने. तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात लोंबत होता. मेंदूत रक्ताची गुठळी झाली, असं नंतर लोक लिफ्टमध्ये बोलत होते. बऱ्याच दिवसांनी ती चाकाच्या खुर्चीतून परत आली. पुढे खुर्ची गेली, काठी आली. चेहरा सुधारला, पाय चालू लागला. उजवा हात मात्र दुसऱ्याचा आणून जोडल्यासारखा राहिला, आणि अंगठा तर साफ रुसला.

आमच्या इमारतीतली माणसं मनाने फार चांगली. सिस्टर लिफ्टमध्ये शिरली रे शिरली की चार हात पुढे यायचे. "थांबा सिस्टर, मी दाबतो." "तुम्ही नका त्रास घेऊ." कुणी पिशवी धरायचं, कुणी दार. नणंदेने तर चंगच बांधला होता. भावजयीला घास भरवणं, वेणी घालणं, चप्पल पायात सरकवणं, सगळं तीच करायची. सिस्टर कसनुसं हसायची आणि मान खाली घालायची. मला वाटायचं, चला, सुखात आहे बिचारी.

एकदा दुपारी दोघीच होत्या. खाली जायचं होतं. सिस्टरने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात उचलला. तो थरथरत माझ्यापर्यंत आला. अंगठा तळमजल्याच्या बटणावर टेकतोय न टेकतोय तोच नणंदेने सवयीने बोट पुढे केलं.

"वन्सं, हात काढा," सिस्टर म्हणाली. "माझं बटण मी दाबेन."

नणंदेने हात काढला. दार लागलं. सिस्टर दाबत होती. बटण जरासं आत जायचं आणि परत वर यायचं. दिवा लागेना. नणंदेने पदराने स्वतःच्याच कपाळाचा घाम पुसला, पण तोंडातून शब्द काढला नाही, हे मला अजून खरं वाटत नाही. तेवढ्यात पाचव्यावरून कुणीतरी लिफ्ट बोलावली. खाली निघालेल्या दोघी वर पोहोचल्या. दार उघडलं, तर समोर पाचव्यावरचे काका, आमच्या इमारतीचे अध्यक्ष. "अरे वा, सिस्टर, आमच्याकडे?" असं म्हणत ते आत आले आणि त्यांनी एका टिचकीत तळमजला दाबला. सिस्टरचे डोळे भरून आले. काकांना वाटलं, आपण मदत केली म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लिफ्ट रिकामी असते त्या वेळेला, दोघी पुन्हा आल्या. नणंदेच्या काखेत छोटं स्टूल आणि हातात मटारच्या शेंगांचं ताट. ती लिफ्टच्या कोपऱ्यात बसली आणि शेंगा सोलायला लागली. सिस्टर माझ्यासमोर उभी राहिली.

त्या दुपारींमध्येच मला सगळा प्रकार कळला. व्यायाम शिकवणाऱ्याने तिला दाबायला रबरी चेंडू दिला होता. तिला तो आवडेना. चेंडू नीट दाबला काय नि अर्धा दाबला काय, तो काही बोलत नाही, असं तिचं म्हणणं. मी मात्र पुरतं दाबल्याशिवाय दिवा लावत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. शिवाय माझी बटणं मऊपासून कडकपर्यंत ओळीने लागलेली. दुसऱ्या कुणाच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. ती तळमजल्यापासून सुरुवात करणार होती आणि एकेक मजला वर चढणार होती.

आणि चढायचं कशासाठी, तर दवाखान्यासाठी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला होता, की तुझी जागा तुझीच आहे, नोंदणीच्या टेबलावर बस, डाव्या हाताने शिक्के मार, कुणी काही म्हणणार नाही. हासुद्धा चांगुलपणाच. सिस्टरने उलट निरोप धाडला, की मला टेबल नको, माझी सुई द्या. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की पुढच्या महिनाअखेरीस मी स्वतः घरी येऊन हात बघेन. जमलं तर सुई, नाहीतर टेबल. पुन्हा विषय काढायचा नाही.

सुई टोचणं सोपं असतं, असं सिस्टर नणंदेला सांगायची. खरं काम त्यानंतर. नळीतला दट्ट्या अंगठ्याने एकसारखा दाबत न्यायचा. झटका बसला तर दुखतं, मध्येच थांबलं तर त्याहून दुखतं. म्हणून तिने स्वतःला नियम घातले होते. धक्का मारायचा नाही, खांदा लावायचा नाही, डावा हात मदतीला घ्यायचा नाही. नणंद शेंगांवरची नजर न काढता ओरडायची, "खांदा!" आणि सिस्टर खांदा खाली घ्यायची.

अखेर एका दुपारी तळमजल्याचा दिवा लागला. लिफ्ट खाली गेली, दार उघडलं, लागलं, आणि दोघी तशाच उभ्या. मग पहिल्याची पाळी. मग दोनची, तिथे फार दिवस गेले. मग तीनची. अधूनमधून कुणीतरी लिफ्ट बोलवायचं आणि अभ्यास तसाच वरखाली फिरायचा. आत आलेली माणसं आधी चक्रावायची, मग नणंदेच्या ताटातल्या दोन शेंगा सोलायची आणि आपापल्या मजल्यावर उतरायची.

चारवर घोडं अडलं. बटण जवळजवळ तळाला जायचं आणि केसभर अंतरावर अंगठा दगा द्यायचा. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. तिचे ओठ पांढरे पडायचे. खरं सांगते, मित्रांनो, माझ्या मनात आलं की लावावा दिवा जरा अलीकडेच. केसभर तर अंतर! कोण बघतंय? पण मला ते जमत नाही, आणि जमत असतं तरी केलं नसतं. सगळी इमारत तिला सूट देत होती. एक मीच नव्हते देत, म्हणून तर ती माझ्याकडे येत होती. चार दाबलं गेलं तेव्हा लिफ्ट चौथ्यावर पोहोचेपर्यंत नणंद रडत होती आणि मटार खाली सांडले होते.

पण तोवर वर निराळंच काही शिजत होतं. एकदा दुपारी आमचा अभ्यास चालू असताना पाचव्यावरचे काका हातात रंगीत चित्राचा कागद घेऊन लिफ्टमध्ये शिरले. चेहरा नुसता फुलला होता. त्यांनी माझ्या जागी नवी पट्टी आणायचं ठरवलं होतं. काळ्या काचेची, बटणंच नसलेली, नुसतं बोट टेकवलं की दिवा. सगळ्यांनी होकार दिला होता. मागणीही नोंदवून झाली होती.

"सिस्टर, हे तुमच्यासाठीच बरं का," ते म्हणाले. "आता तुम्हाला मुळीच त्रास नाही."

नणंद स्टुलावरून ताडकन उठली. तिने काकांना जे सुनावलं ते सगळं सांगत बसले तर रात्र होईल. उंटावरून शेळ्या हाकू नका, हे त्यातलं सर्वांत सौम्य. काका बिचारे कागद छातीशी धरून उभे. चांगलं करायला गेलो आणि हे काय अंगावर आलं, त्यांना कळेना.

सिस्टरने नणंदेच्या खांद्यावर हात ठेवला. उजवा.

"काका, मला त्रासच हवाय," ती म्हणाली. "सगळे माझं सगळं करतात. ही पट्टी एकटी मला काही करायला लावते."

काका तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. चूक त्यांच्या ध्यानात आली, पण मागणी गेली होती. आणि सिस्टरने ती रद्द करा असंही म्हटलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली आहेत, त्यांना माझ्यामुळे रोज कळ यायची. "बसवा नवी," ती म्हणाली. "जुनी फक्त मला द्या."

मेकॅनिक आला त्या दिवसापर्यंत पाचचा दिवा एकदा लागून गेला होता, सहाचा नाही. माझे स्क्रू निघाले, तारा सुटल्या. भिंतीतून बाहेर येताना मला भीती वाटली, ती लपवत नाही. लिफ्टवाचून पट्टी म्हणजे भंगार. पण काकांनी मला स्वतः दोन्ही हातांनी उचललं, तिसऱ्यावर नेलं आणि सिस्टरच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, तिच्या खांद्याला साजेशा उंचीवर, मेकॅनिककडून बसवून घेतलं. मेकॅनिकने माझ्या पाठीला बॅटरी जोडली, म्हणजे दिवे तरी लागावेत. जाताना काकांनी रुमालाने मला पुसलं आणि चारच्या कडेचा तो च्युइंगम नखाने खरवडून काढला.

आता लिफ्ट हलत नव्हती, पण काम तेच. सकाळ, दुपार, संध्याकाळ. येता-जाता सिस्टर थांबायची आणि अंगठा टेकवायची. चार आता पहिल्या फटक्यात लागायचं. पाच कधी लागायचं, कधी नाही. सहा तर ढिम्म. महिना संपत आला.

डॉक्टरीणबाई आल्या. उंच, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी चहा नंतर घेऊ म्हणून सांगितलं आणि पिशवीतून नळी, सुई, पाण्याची बाटली आणि स्पंज काढला. सिस्टरने डाव्या हाताने नळी भरली, उजव्यात धरली आणि स्पंजात रिकामी केली. एकदा, दोनदा, तीनदा. डॉक्टरीणबाई बघत होत्या. हात बरा आहे, असं त्या म्हणाल्या, पण स्पंज दंड आकसत नाही आणि रडतही नाही. आपल्या दवाखान्यात तर दोन्ही होतं.

सिस्टरने नळी खाली ठेवली. मला वाटलं, संपलं. आता टेबल आणि शिक्के.

तेव्हा नणंद पुढे आली. तिच्या वयाच्या माणसांनी दरवर्षी घ्यायची फ्लूच्या तापाची लस तिने अजून घेतली नव्हती. घेतली नव्हती म्हणजे, आजवर कधीच घेतली नव्हती. लस टोचणारी भावजय घरात, आणि ही बाई सुई दिसली की गच्चीवर पळायची! डॉक्टरीणबाईंच्या पिशवीत ती लस होती. नणंदेने स्टूल ओढलं, भावजयीकडे दंड केला, तोंड भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे, आणि डोळे घट्ट मिटले.

मला अंगठा दिसत नव्हता. सिस्टर तिच्या मागे उभी होती. मला दिसत होता तो फक्त नणंदेचा चेहरा, माझ्यापासून हातभर अंतरावर. नाक आवळलेलं, ओठ दाबलेले, कपाळावर घामाचे थेंब. मी तो चेहरा कधी कळवळतो याची वाट बघत होते. झटका बसला तर तिथेच कळणार होतं. तिची एक पापणी हलली असती तरी मी हरले असते.

"वहिनी," डोळे न उघडता ती म्हणाली, "टोचायच्या आधी सांग हं."

"वन्सं," मागून आवाज आला, "कापूस धरा."

नणंदेने एक डोळा उघडला. दंडाकडे पाहिलं. तिथे कापसाचा बोळा होता आणि त्यावर सिस्टरचा उजवा अंगठा. मग तिने दुसरा डोळा उघडला आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू एकदम मोकळं केलं. डॉक्टरीणबाईंनी चहा मागितला. साखर ढवळता ढवळता त्यांनी सिस्टरला सांगितलं, की सोमवारी वेळेवर यायचं, नव्या मुलींना शिकवायचंही आहे.

तर मित्रांनो, माझी गोष्ट ही एवढीच. जमेल तेव्हा आम्हा पट्ट्यांना पुसत जा. माझ्या लिफ्टमधल्या भावंडांना छत्रीने टोचू नका, किल्लीने ओरखडू नका, आणि एकदा दाबलेलं बटण दहादा दाबू नका, त्याने लिफ्ट लवकर येत नाही. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. लिफ्टमध्ये कुणी बटणाशी झटत असेल, कुणाचं बोट थरथरत असेल, तर लगेच हात पुढे करू नका. आधी विचारा. हो म्हणाले तर जरूर दाबा. नको म्हणाले तर हात खिशात घाला आणि गप्प उभे राहा. उशीर होईल. होऊ दे.

सिस्टर आता रोज कामाला जाते. संध्याकाळी दार उघडून आत आली की चप्पल काढण्याआधी माझ्यासमोर उभी राहते आणि उजवा अंगठा सहावर टेकवते. सुईचा दट्ट्या माझ्या चारपेक्षाही मऊ आहे, आता कशाला जिवाचा आटापिटा, असं नणंद तिला रोज ऐकवते. सिस्टर दाबत राहते. सहाचा दिवा अजून लागलेला नाही. मी माझी स्प्रिंग सैल केलेली नाही आणि करणार नाही. तिने तसं कधी मागितलेलंही नाही.